मगावर १५९४ लिहिलंय, पण काच काय सांगते? जुने जर्मन बिअर-मग आणि त्यांची बदलती सजावट

प्रश्न असा आहे: न्युरेम्बर्गला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे काचेचे तीन जुने बिअर-मग आहेत. पहिला हिरवट काचेचा, अर्ध्या लिटरचा. त्याला कान आहे, कथलाचं झाकण आहे, अंगावर दोन डोक्यांचा काळा गरुड, पंखांवर रंगीत ढाली आणि खाली '१५९४'. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याने तो सोळाव्या शतकातला म्हणून विकला. दुसरा लाल, त्यावर नदीकाठच्या टेकडीवरचं खांबाखांबांचं देऊळ कोरलेलं. तिसरा पारदर्शक, झाकणात चिनी मातीची चकती आणि तिच्यावर रंगीत कुलचिन्ह. हे तिन्ही किती जुने आहेत, आणि एकाच देशातल्या मगांची सजावट इतकी वेगवेगळी कशी?

जुन्या काचेची पारख आणि डागडुजी हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. गरुडाचा मग १५९४चा नाही, तो साधारण १८७५ ते १९०० या काळातला आहे. तिघांत वयाने मोठा आहे तो लाल मग. आणि तिसऱ्यावरची, झाकणाच्या कडेला कोरलेली, तारीख मात्र खरी मानायला हरकत नाही. आता हे कशावरून, ते सांगतो. त्यात सजावटीच्या बदलांचा इतिहासही ओघाने येईल.

गरुडापासून सुरुवात करू. हा गरुड म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचं, म्हणजे जर्मन मुलखावरच्या जुन्या साम्राज्याचं, चिन्ह. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातला), सॅक्सनी, थुरिंगिया, फ्रँकोनिया इथल्या भट्ट्यांमधून असे 'राइक्सआडलरहुम्पेन' निघत होते. राइक्स म्हणजे साम्राज्याचा, आडलर म्हणजे गरुड आणि हुम्पेन म्हणजे उंच नळकांड्यासारखा मोठा पेला. चित्राचं मूळ आहे ऑग्सबर्गच्या हान्स बुर्कमायरने १५१० साली केलेल्या काष्ठठशात. पंखांवर साम्राज्याच्या घटकांच्या छप्पन्न ढाली, चार-चारच्या गटात: चार सरदार, चार शहरं, चार खेडी अशा. वरच्या रांगेत सम्राट निवडणाऱ्यांच्या ढाली. जुन्या पेल्यांवर गरुडाच्या छातीवर बहुतेक वेळा क्रूस असतो, पुढेपुढे त्याच्या जागी गोल, म्हणजे राजसत्तेचा 'राइक्सआप्फेल', येतो.

या पेल्यांची काच हिरवट असायची ती कुणी हौसेने रंग घातला म्हणून नव्हे. वाळूत लोह असायचं आणि क्षार मिळवायला बीचसारख्या झाडांची राख वापरायचे. लोहाने काच हिरवी होते. जंगलातच भट्टी, जंगलातलंच सरपण, जंगलातलीच राख, म्हणून तिला 'वाल्डग्लास', जंगलची काच, म्हणतात. जळण संपलं की भट्टी पुढच्या जंगलात हलायची. त्यामुळे एकाच पेल्यात हिरवा, पिवळसर, तपकिरी अशा छटा दिसतात. बुडबुडे असतात, वाळूचे न वितळलेले कण असतात, भिंतीची जाडी एका बाजूला जास्त असते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पेले बहुतेक बिनकानाचे आणि अवाढव्य. तीन-चार लिटर बिअर मावणारे, दोन्ही हातांनी धरायचे, पाहुण्यांच्या स्वागताला किंवा संघाच्या जेवणात हातोहात फिरवायचे. एकट्याने पिण्यासाठी कान आणि झाकण असलेला अर्ध्या लिटरचा गरुड-मग ही सोय तीनशे वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची आहे. तुमच्या मगाबद्दल मला पहिली शंका आली ती इथेच.

बाकीची तपासणी तुम्ही घरी करू शकता. मग उलटा करून बुडाचा मध्य बघा. फुंकलेली काच नळीवरून काढताना तिच्या बुडाला लोखंडी सळई चिकटवतात, आणि ती तोडली की खरखरीत व्रण राहतो. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पेल्यांमध्ये बूड आत ढकललेलं असतं आणि तो व्रण तसाच सोडलेला असतो. एकोणिसाव्या शतकात तो घासून, पॉलिश करून नाण्याएवढा गुळगुळीत खळगा करण्याची पद्धत पडली. तुम्ही पाठवलेल्या फोटोत असाच स्वच्छ खळगा दिसतो. त्याच्याजवळ ब्रशने लिहिलेला एखादा क्रमांक किंवा 'एफ एच' अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर तो सिलेसियातल्या पेटर्सडॉर्फच्या, आताच्या पोलंडमधल्या प्येहोवित्सेच्या, फ्रित्स हेकर्टच्या कारखान्यातला असण्याची दाट शक्यता. हेकर्टने १८६६ मध्ये काच सजवण्याचा उद्योग सुरू केला आणि जुन्या पद्धतीचे एनॅमलचे, म्हणजे काचेवर भाजून पक्क्या केलेल्या रंगांचे, पेले ही त्याची ओळख झाली.

त्यानंतर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि बुडाची कड बघा. लाकडी टेबलावर वर्षानुवर्षं सरकवलेल्या मगाच्या बुडावर बारीक ओरखडे वाटेल त्या दिशांनी एकमेकांवरून गेलेले दिसतात, आणि जिथे काच टेबलाला टेकते तिथेच दिसतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे दिसले तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवून वय वाढवलंय असं समजा. तुमच्या मगावर ओरखडे खरे आहेत, पण ते शंभर-सव्वाशे वर्षांचे आहेत.

आता मुद्दा येतो तो तारखेचा. १५९४ हा आकडा कुणी फसवण्यासाठी लिहिला होता का? मुळात नाही, आणि या मगांना 'नकली' म्हणून हिणवलं जातं तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला आणि 'आपलं जुनं वैभव' शोधण्याची लाट आली. १८७६ मध्ये म्युनिकच्या काचमहालात कला आणि उद्योगांचं प्रदर्शन भरलं, त्यात पूर्वजांच्या कारागिरीचं स्वतंत्र दालन होतं. त्यानंतर सुखवस्तू घरांत 'आल्टडॉइच', म्हणजे जुन्या जर्मन धाटणीची, जेवणाची खोली सजवण्याची टूम निघाली: काळपट लाकडाचं फर्निचर, भिंतीला लाकडी आवरण, आणि वरच्या फळीवर ओळीने पेले. हेकर्ट, कोलोनजवळच्या एरेनफेल्डचा काचकारखाना, बव्हेरियातलं टेरेझिएन्टाल अशा अनेकांनी ही मागणी भागवली. संग्रहालयातले पेले समोर ठेवून चित्रं उतरवली, त्यांत तारखाही उतरल्या. तारीख हा चित्राचाच भाग होता. दुकानात तो नवा माल म्हणूनच विकला जायचा आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असायचं. फसवणूक सुरू होते ती पुढे, मूळ घराची आठवण पुसली गेल्यावर, पुन्हा विकणाऱ्यांच्या तोंडून.

यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १८७१च्या नव्या जर्मन साम्राज्याच्या राजचिन्हावरचा गरुड एका डोक्याचा होता. दोन डोक्यांचा गरुड ज्या साम्राज्याचा, ते १८०६ मध्येच संपलं होतं. म्हणजे नव्या राज्यातले लोक हौसेने जुन्या, बुडालेल्या राज्याचं चिन्ह टेबलावर मांडत होते. तुमचा मग सोळाव्या शतकाबद्दल फारसं सांगत नाही, पण १८८० सालचा जर्मन मध्यमवर्ग सोळाव्या शतकाकडे कसा बघत होता ते त्याच्यात स्पष्ट दिसतं. त्या दृष्टीने तो अस्सलच आहे.

चित्रणातही फरक कळतो. मूळ पेल्यांवरचा एनॅमल म्हणजे रंगीत काचेची पूड आणि तिला लवकर वितळवणारं द्रव्य, चिकट माध्यमात कालवून ब्रशने लावायचं आणि पुन्हा भट्टीत भाजायचं. जुन्या कारागिराचा हात रांगडा असतो. ढाल वाकडी, सिंह कुत्र्यासारखा, अक्षरं शेवटी जागा उरली नाही म्हणून दाटीवाटीने. एकोणिसाव्या शतकातला चित्रकार शाळेत शिकलेला असतो. त्याच्या ढाली सारख्या अंतरावर बसतात, पांढरा रंग चकचकीत असतो, छायाप्रकाश बेतशीर असतो. शिवाय काचेचा हिरवा रंग मुद्दाम घातलेला, म्हणून सगळीकडे एकसारखा.

न्युरेम्बर्गला राहता म्हणून एक आवर्जून सुचवतो. तिथल्या जर्मानिशेस नात्सिओनाल म्युझियममध्ये जुने एनॅमलचे पेले बघायला मिळतात. आणि जवळच फिश्टेलगेबिर्गे डोंगररांग आहे. तिथल्या बिशॉफ्सग्र्यून गावातून 'ऑक्सेनकॉप्फ' नावाचे पेले यायचे. ऑक्सेनकॉप्फ म्हणजे बैलाचं डोकं, हे तिथल्या एका शिखराचं नाव. पेल्यावर झाडांनी भरलेला डोंगर असतो, मध्ये बैलाचं डोकं, पायथ्याशी माइन, नाब, झाले आणि एगर या चार नद्यांची उगमं. आणि डोंगराभोवती चक्क साखळी गुंडाळून तिला कुलूप घातलेलं! डोंगराच्या पोटातला खजिना कुलूपबंद आहे, असा त्याचा अर्थ. स्थानिक माणसाने स्थानिक डोंगरासाठी काढलेलं असं चित्र मला साम्राज्याच्या सगळ्या गरुडांपेक्षा प्रिय आहे.

एनॅमलची ही सद्दी सतराव्या शतकात ओसरू लागली. प्रागला सम्राट दुसऱ्या रूडॉल्फच्या दरबारात कास्पर लेमानने रत्नं कोरण्याच्या चाकावर काच कोरायला घेतली आणि १६०९ मध्ये त्याला त्याचा खास परवाना मिळाला. त्याचा शिष्य गेऑर्ग श्वानहार्ट १६२२ मध्ये न्युरेम्बर्गला परतला आणि तुमच्याच शहरात कोरीव काचेची परंपरा उभी राहिली. तिथेच योहान शापर काळ्या रंगाने, खिडक्यांच्या काचा रंगवतात त्या तंत्राने, पेल्यांवर इतकी नाजूक निसर्गचित्रं काढत होता की ती तांब्याच्या पत्र्यावरून छापल्यासारखी वाटतात. शतकाच्या अखेरीला बोहेमियात खडू घालून जाड, स्वच्छ, स्फटिकासारखी काच होऊ लागली आणि कोरीवकामाला हवी तशी जाडी मिळाली. श्रीमंतांची चव बदलली आणि रंगीत एनॅमल खेड्यात गेला. अठराव्या शतकातले गावाकडचे मग तुम्हाला याच धाटणीत दिसतील: फुलं, पक्षी, हातात पेला घेतलेला नवरदेव, चांभाराची आरी, बेकरचा पाव, एखादी दोन ओळींची कविता. सॅक्सनीतल्या मायसेनला १७१०पासून चिनी मातीची भांडी होऊ लागल्यावर तिची नक्कल करणारी दुधी पांढरी काचही याच शतकात लोकप्रिय झाली. हे खेड्यातले मग संग्राहकांकडून दुर्लक्षित राहतात याची मला खंत आहे. त्यांच्यात जितका जीव आहे तितका पुढच्या कारखानी मालात क्वचितच सापडतो.

आता लाल मग. तुम्ही म्हणता ते खांबाखांबांचं देऊळ म्हणजे वालहाला. रेगेन्सबर्गजवळ डोनाउश्टाउफला, डॅन्यूबच्या काठी, बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने लेओ फॉन क्लेन्त्सेकडून १८३० ते १८४२ या काळात बांधून घेतलेलं थोर जर्मनांचं स्मारक. चित्रात ते पूर्ण बांधलेलं दिसतंय, म्हणून हा मग १८४२च्या आधीचा धरता येत नाही. इमारतींवरून काळ ठरवणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात भरवशाची युक्ती आहे. कोलोनचं कॅथेड्रल कोरलेलं असेल आणि दक्षिण मनोऱ्यावर लाकडी क्रेन दिसत असेल तर चित्र १८६८च्या आधीच्या अवस्थेचं. दोन्ही मनोरे पूर्ण असतील आणि चित्र प्रत्यक्ष पाहून काढलेलं असेल तर १८८०च्या पुढचं. मात्र छापील चित्रांत नियोजित मनोरे आधीच दाखवलेले असत, ते लक्षात ठेवायचं. बोहेमियातल्या कार्ल्सबाद या औषधी झऱ्यांच्या गावच्या मगावर तिथल्या म्यूलब्रून झऱ्याचा लांबलचक खांबांचा सज्जा असेल तर तोही १८८१ च्या सुमाराचा किंवा नंतरचा, कारण तो तेव्हाच पूर्ण झाला.

हा काळ बीडरमायर शैलीचा, ढोबळमानाने १८१५ ते १८४८, आणि तिची छाया पुढे दोन-तीन दशकं राहिली. नेपोलियनची युद्धं संपली होती, लोक घरात रमले होते, आणि औषधी झऱ्यांच्या गावी जाऊन पाणी पिण्याची फॅशन होती. तिथून आठवण म्हणून नाव, तारीख, देखावा कोरलेला पेला किंवा मग आणायचा. काचेवर कोरणारे कारागीर हंगामात त्या गावांतच बसायचे आणि समोर बसलेल्या माणसाचा चेहराही कोरून द्यायचे. फ्रान्त्सेन्सबादला बसणारा डोमिनिक बीमान यात सर्वांत नावाजलेला.

लाल रंगाचं श्रेय जातं उत्तर बोहेमियातल्या हाइडा परिसरातल्या, आजच्या नोवी बोरच्या, फ्रीडरिश एगरमानकडे. आधी त्याने चांदीच्या संयुगाने काचेला पिवळा रंग दिला आणि १८३०च्या दशकात तांब्यापासून लाल. काच तयार झाल्यावर तिच्यावर लेप लावून पुन्हा भाजायचं, की रंग पृष्ठभागात मुरतो. हा रंगाचा थर कांद्याच्या सालीपेक्षाही पातळ असतो. कोरणाऱ्याचं चाक त्याला छेदून गेलं की आतली पारदर्शक काच उघडी पडते. म्हणून तुमच्या मगावर देऊळ आणि झाडं पांढुरकी आणि पार्श्वभूमी लाल दिसते. काठावर किंवा पैलू पाडलेल्या धारेवर भिंग धरून बघा, लाल रंग वरवर असल्याचं लगेच कळेल. याच काळात योझेफ रीडेलने युरेनियम घालून पिवळी आणि हिरवी काच केली आणि तिला बायकोच्या नावावरून 'आनागेल्ब' आणि 'आनाग्र्यून' म्हटलं. अतिनील दिव्याखाली ती झगझगीत हिरवी चमकते, म्हणून तिला ओळखायला भिंगाचीही गरज नाही.

लाल मग पुढे विसाव्या शतकातही आठवणीच्या वस्तू म्हणून ढिगाने निघाले, तेव्हा सावध राहावं लागतं. उशिराच्या मालात हरीण, किल्ला, द्राक्षवेल अशी ठरीव चित्रं असतात आणि कोरीवकाम उथळ, घाईचं. तुमच्या मगावर झाडांची पानं वेगवेगळ्या खोलीने कोरलीत, नदीच्या पाण्यावर बारीक आडव्या रेघा पॉलिश केल्यात, बुडाला जाड काचेत पैलू पाडलेत. एवढी मेहनत पाहता मी तो १८४५ ते १८६५ मधला म्हणेन. या लाल आणि पिवळ्या मगांना 'जर्मन' म्हटलं जात असलं तरी बहुतेक बोहेमियातले आहेत. भाषा जर्मन, राज्य ऑस्ट्रियाचं, गिऱ्हाईक सगळीकडचं. सीमारेषेवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या मगावर सजावट सर्वांत कमी आणि माहिती सर्वांत जास्त आहे. चकतीवरचं कुलचिन्ह विद्यार्थी संघटनेचं आहे. ढालीच्या एका भागात अक्षरांची गुंतागुंतीची वळणं आणि शेवटी उद्गारचिन्ह, ही त्या संघटनेची सही. झाकणाच्या कडेवर कोरलेली 's/l' ही खूण म्हणजे 'आपल्या प्रिय' मित्राला भेट. पुढचं 'WS ९८/९९' म्हणजे १८९८-९९चं हिवाळी सत्र. इथे तारखेवर विश्वास का ठेवायचा? कारण काचेवर काठाखाली आडवी रेघ आणि '०,५ L' आहे. जर्मन साम्राज्यात मेट्रिक मापं १८७२पासून लागू झाली, आणि दारू विकण्याच्या भांड्यांवर मापाची रेघ सक्तीची करणारा १८८१चा कायदा १८८४पासून अमलात आला. त्यामुळे लिटरमधली रेघ असलेला जर्मन मग सहसा १८७२पूर्वीचा नसतो, त्यावर कुठलीही तारीख लिहिलेली असो. बव्हेरियाचं त्याआधीचं माप, 'मास', १.०६९ लिटरचं होतं.

पारदर्शक काच इतकी पसरण्यामागे बिअरचाही हात आहे. १८४२ मध्ये पिल्झनमध्ये योझेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने सोनेरी, स्वच्छ बिअर केली. गडद आणि गढूळ बिअर मातीच्या मगात लपायची, ही नवी बिअर लोकांना बघायचीही होती. त्याच सुमारास साच्यात दाबून केलेली काच स्वस्त झाली. दाबलेल्या मगाच्या अंगावर साच्याच्या जोडाची उभी रेघ बोटाला लागते, ती कानावर किंवा पैलूंच्या कडेवर लपवलेली असते.

१९००च्या आसपासची युगेंडश्टील शैली तुमच्या संग्रहात नाही, म्हणून एवढंच सांगतो: वळणदार देठ, पाणकमळं, बाकदार कथलाचं झाकण. म्युनिकच्या 'युगेंड' या १८९६ साली सुरू झालेल्या नियतकालिकावरून तिला नाव पडलं. जुन्या गरुडांच्या कंटाळ्यातूनच ती आली.

राहता राहिलं झाकण. झाकणावरून मगाचा काळ ठरवायला जाऊ नका. काच एका ठिकाणी, सजावट दुसऱ्या ठिकाणी आणि कथलाचं काम तिसऱ्याच कारागिराकडे, असा व्यवहार होता. त्यात १९१६ मध्ये, महायुद्धासाठी कथील हवं म्हणून, सरकारने बिअर-मगांची झाकणं ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. म्हणून आज अनेक मगांवर मागाहून बसवलेली झाकणं दिसतात. कानाभोवतीचा धातूचा पट्टा आणि बिजागरी बघा: पट्ट्याखाली काचेवर जुन्या पट्ट्याचा फिकट ठसा असेल, किंवा झाकण काठावर नीट बसत नसेल, तर झाकण दुसरं आहे. तुमच्या गरुडाच्या मगाचं झाकण मला मूळचं वाटत नाही. लाल मगाचं झाकण मात्र मूळचंच आहे.

वापराबद्दल स्पष्ट बोलतो. यांतून बिअर पिऊ नका. जुन्या कथलात शिसं असतं. १८८७च्या कायद्याने ते दहा टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं, त्याआधीच्या झाकणांचा भरवसा नाही. मग उचलताना कधीही झाकण किंवा कान धरू नका, बुडाखाली हात घाला. कानाच्या वरच्या जोडालाच सर्वाधिक तडे जातात, कारण झाकणाचा सगळा भार तिथे येतो. धुवायचा तर कोमट पाण्यात, डिशवॉशरमध्ये मुळीच नाही. लाल मग उन्हाच्या खिडकीत ठेवायला हरकत नाही, पण सोनेरी काठ असेल तर चोळू नका. कथलाचा काळपटपणा पॉलिशने घालवू नका, त्याने झाकणावरची बारीक कोरीव अक्षरं झिजतात आणि 's/l'सारखी माहिती कायमची जाते.

विक्रेत्याशी बोलताना, 'सोळाव्या शतकातला' असं बिलावर लिहून दिलंय का ते आधी पाहा. तसं लिहिलं असेल आणि किंमतही त्याच हिशेबाने घेतली असेल तर पैसे परत मागा. लिहिलं नसेल आणि किंमत साध्या जुन्या मगाची असेल तर ठेवून घ्या, चित्रकाम चांगलं आहे. मला हवे आहेत ते आणखी दोन फोटो: गरुडाच्या मगाचं बूड, तिरक्या प्रकाशात, क्रमांक दिसेल असं. आणि झाकणाच्या बिजागरीचा, अगदी जवळून. कारखाना कोणता, ते त्यावरून बहुधा सांगता येईल.